बापाच्या वाटणीचं बोलणं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉपची पाळी सुटली की चौथ्या रेल्वे गेटाकडून अनगोळात दुचाकींची रीघ लागते. त्यांतले कितीतरी जण दोन-तीन वर्षांच्या मुलांचे बाप असतात. घरी आल्यावर हातपाय धुणं, चहा, थोडा मोबाईल, मग जेवण. मूल आईजवळ नाहीतर आजीजवळ असतं आणि ते तिथंच असायचं, हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. लहान मुलाची बुद्धी घडताना बापाच्या असण्या-नसण्यानं फरक पडतो का, हा प्रश्न इथं क्वचितच कुणी मोठ्यानं विचारतं. तो विचारला जावा म्हणून मी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. माणसं कल्पनेतली आहेत, मतं मात्र इथल्या घरांत ऐकलेली. अक्का अंगणवाडीत शिकवते. तिचा नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. त्याची उमेदीची वर्षं सीमेवर गेली आणि दोन मुलं तिनं सासूच्या आधारानं वाढवली. भाऊ तिचा पाठचा. सीएनसी मशीन चालवतो, वर ओटी म्हणजे ओव्हरटाइमही करतो. त्याला पावणेदोन वर्षांची मुलगी आहे.

भाऊ: अक्का, पुढच्या महिन्यापासून मी ओटी बंद करणार. पाळी सुटली की सरळ घर.

अक्का: का? तब्येत बरी नाही, की मालकाशी वाजलं?

भाऊ: दोन्ही नाही. ओटी करून आठला पोचतो तोवर पोरगी झोपेला आलेली असते. ती जागी असते त्या वेळात मला घरात असायचंय.

अक्का: अरे, ओटीचे पैसे म्हणजे घरातलं दूध, अंडी, फळं. पोराची बुद्धी वाढायला आधी पोटात काही जावं लागतं. मी दर महिन्याला मुलांची वजनं घेते. वजन कमी भरतं ती मुलं कशी कोपरा धरून बसतात, गाण्याला हातसुद्धा वर करत नाहीत, ते येऊन बघ एकदा. बाप लवकर घरी आला म्हणून वजन वाढत नाही.

भाऊ: दूध-अंडी तुटणार नाहीत एवढा हिशोब केलाय. गाडीचे हप्ते संपले. आणि तूच सांगत होतीस ना, ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं ते? सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ होते म्हणून.

अक्का: व्हय, २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय ते. पण त्यात बापानं ओटी सोडावी असं कुठं म्हटलंय? पोरीजवळ आई आहे, आपली आई आहे. दिवसभर दोघी तिच्याशी बोलतात. तू आणखी येऊन काय वेगळं देणार?

भाऊ: पोरगी झाल्यापासून मी हेच वाचत आलोय. न्यूयॉर्कच्या कॅथरिन तामिस-लेमोंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतली गरीब घरं घेतली. दोन-तीन वर्षांची मुलं आईबरोबर खेळतानाचं चित्रण वेगळं केलं, बापाबरोबर खेळतानाचं वेगळं. २००४ साली त्यांचा निबंध आला. आई मुलाला किती समजून घेते, किती प्रतिसाद देते याचा हिशोब बाजूला काढला, तरी बापाच्या तशाच वागण्याचा मुलाच्या भाषेशी आणि समजेशी स्वतंत्र संबंध उरतो, असं त्यांना दिसलं.

अक्का: संबंध उरतो, एवढंच ना? जो बाप पोराशी प्रेमानं खेळतो त्याच्या घरात बहुतेक भांडणं कमी असतात. बायको सुखात असते, हातात चार पैसे असतात. पोर हुशार निघालं की श्रेय कुणाचं, खेळण्याचं की त्या घराचं? आणि बापाची बुद्धीही पोरात येतेच की. माझ्या अंगणवाडीत ज्यांचे वडील जरा शिकलेले आहेत ती पोरं पटकन बोलतात. त्यांचे वडील खेळतात म्हणून बोलतात, असं मी कशावरून म्हणू?

भाऊ: संशोधक शिक्षण, उत्पन्न धरून हिशोब करतात.

अक्का: जेवढं मोजता येतं तेवढं धरतात. घरातली शांती कुठल्या काट्यावर मोजतात?

इथं मला मध्ये बोलायचं आहे, कारण अक्काचा हा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. बापांवरचा बहुतेक अभ्यास निरीक्षणाचा आहे. कुणी चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलांना बोलका बाप आणि अर्ध्यांना अबोल बाप दिलेला नाही, देताही येणार नाही. त्यामुळे ‘बाप खेळला म्हणून बुद्धी वाढली’ असं छातीठोक कुणी सांगू नये. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी पाहिलं तरी एकाच दिशेला बोट दाखवलं जात असेल, तर ते बघायलाही हवं. इंग्लंडमध्ये वहेश्ता सेठना आणि पॉल रामचंदानी यांच्या गटानं तीन महिन्यांच्या बाळांबरोबर बाप खेळताना पाहिलं, तेही हातात खेळणं न देता. पुढं बाळ दोन वर्षांचं झाल्यावर दोघं पुस्तक बघत बसलेले पाहिले. जे बाप बाळात खरोखर गुंतलेले होते, त्यांच्या मुलांचे दोन वर्षांच्या वयाच्या बौद्धिक चाचणीतले गुण सरस होते. मुलगा असो की मुलगी, त्यात फरक नव्हता. हा निबंध २०१७चा. आपल्याकडे पोरीचा बाप ‘पोरगी आईचीच’ म्हणून जरा लांब राहतो, म्हणून हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं.

अक्का: बरं, मला माझं सांग. माझी दोन्ही पोरं लहान होती तेव्हा तुझे भावजी कुठं होते? वर्षातनं दोनदा सुट्टीवर यायचे. धाकटी तर त्यांना बघून रडायची, अनोळखी माणूस म्हणून. आता दोघंही शिकून कामाला लागली. १९२२पासून मराठा सेंटर बेळगावात आहे. या भागात किती पिढ्यांची पोरं बाप पलटणीत असताना वाढली? ती सगळी मठ्ठ निघाली का? तिकडं निपाणीला जा. मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू, शेजारी पोर, अशा किती बायकांनी विड्या वळत एकटीनं मुलं वाढवलीत. तू जेव्हा म्हणतोस बाप लागतोच, तेव्हा या बायकांना काय सांगतोस?

भाऊ: त्यांना कमी लेखायचं माझ्या मनात नाही, अक्का.

अक्का: मनात नसेल, बोलण्यात येतंय. जोतिबांचं बघ. वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा आई गेली. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागरांनी, मावसबहिणीनं. त्या मिशनरी साहेबाच्या घरी मुलं सांभाळायच्या, इंग्रजी बोलणं त्यांच्या कानावर होतं, शिक्षणाचं मोल त्यांना कळलेलं होतं. आणि वडील गोविंदराव? त्यांनी तर लोकांचं ऐकून पोराला शाळेतनं काढून बागेत कामाला लावलं होतं. पुढं गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी समजावलं तेव्हा पुन्हा शाळा सुरू झाली.

भाऊ: मग बाबासाहेबांचं बघ की. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतलेच, लष्करी शाळेत मुख्याध्यापक. पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तकं त्यांनी करून घेतली. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडून उसने आणायचे, दागिना गहाण टाकायला मागायचे. तो बाप बाजूला काढ आणि मग सांग.

अक्का: आई भीमाबाई गेल्यावर घर कुणी सांभाळलं? आत्यानं, मीराबाईंनी. आणि तू सांगतोस ते शाळेतल्या मुलाचं. वाद चाललाय तो तुझ्या पावणेदोन वर्षांच्या पोरीचा. त्या वयात पहाटे दोनला उठवून काय करणार आहेस?

भाऊ: नारळीकरांचं सांगू? वडील विष्णू वासुदेव गणिताचे प्राध्यापक. घरात पोरांसाठी फळा होता.

अक्का: त्या फळ्यावर ‘सोडवून दाखव’ म्हणून कोडी कोण लिहायचं? मोरूमामा. मी वाचलंय ते. मोरेश्वर हुजुरबाजार, आईचा भाऊ. बाप नव्हे, मामा! आणि माझ्या पोरांचा मामा कोण रे? रोज संध्याकाळी त्यांना खांद्यावर घेऊन येळ्ळूर रस्त्यानं शिवारात कोण जायचं?

भाऊ: मी. तेव्हा मी आयटीआयला होतो.

अक्का: मग? बाप नसला तरी चाललं.

भाऊ: चाललं, कारण मी होतो. सासूबाई होत्या. अक्का, तू माझीच बाजू मांडतेयस. मी रक्ताचं म्हणत नाहीये. आई दिवसभर राबते, तिच्याशिवाय आणखी एक माणूस रोज, न चुकता, पोराशी बोलणारं हवं, एवढंच मी म्हणतोय. तुझ्या घरी ते माणूस बाहेरून आणावं लागलं, कारण भावजी काश्मिरात. माझ्या घरात ते माणूस रोज रात्री जेवून झोपतं आणि सकाळी उठून जातं. वापरातच येत नाही.

थोर माणसांच्या चरित्रांवरून असले वाद मिटत नाहीत. एका चरित्राला दुसरं चरित्र सापडतं. पण ही तीन घरं शेजारी ठेवली तर मला एक समान गोष्ट दिसते: कुठल्याच घरात मूल एकट्या माणसाच्या हातचं नव्हतं. सगुणाबाई, मीराबाई, मोरूमामा. पूर्वीच्या वाड्यांत, चाळींत, शेतकरी घरांत असं दुसरं-तिसरं माणूस आपोआप मिळायचं. आज अनगोळच्या नव्या गल्ल्यांत तीन खोल्यांच्या घरात नवरा-बायको आणि एक मूल राहतं. मामा पुण्याला, आत्या बेंगळुरूला. अशा घरात दुसरं माणूस म्हणजे बाप, तिसरं कुणी नाही. भाऊचं म्हणणं मला पटतं ते याच कारणानं, बापाकडे काही दैवी देणगी आहे म्हणून नाही.

अक्का: समजा पटलं. पण घरात असणं म्हणजे काय? कामावरून आलेला बाप पोराला मांडीवर घेतो आणि हातात मोबाईल देतो. पोर गप्प, बापही गप्प. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ला सांगितलंय, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नको. आम्ही आयांना सांगतो, त्या म्हणतात, हेच देतात. आणि पिऊन येणाऱ्याचं काय? ज्या घरात बापाची चाहूल लागली की पोर पदराआड जातं, तिथं त्याला लवकर घरी धाडू नकोस बाबा.

भाऊ: त्याबद्दल वाद नाही. बाप हिंसक, बेदरकार असेल तर तो जितका जास्त काळ घरात, तितकं मुलाचं वागणं बिघडतं, असं ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासात दिसलंय. बाप नैराश्यात असला तरी त्याची झळ पोराला पोचते. माझं म्हणणं शुद्धीतल्या, बऱ्या माणसाबद्दल आहे. असले आपल्याकडे कमी नाहीत.

अक्का: आणि असा बरा माणूस करणार काय?

भाऊ: विचारणार. मेरेडिथ रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या काळ्या अमेरिकन घरांतले बाप दोन वर्षांच्या मुलांशी बोलताना ऐकले. बाप एकूण किती बोलला यापेक्षा ‘काय, कुठं, कोण, का, कसं’ असे प्रश्न किती विचारतो, याचा मुलाच्या शब्दसंग्रहाशी आणि वर्षभरानं दिसलेल्या विचारशक्तीशी संबंध सापडला. ‘हे लाल आहे का?’ म्हटलं तर पोर नुसती मान हलवतं. ‘कुठं गेलं?’ म्हटलं तर त्याला काहीतरी जुळवावं लागतं. आठवतं, आपले आप्पा शिवारात काय करायचे? ‘आज पाणी कुठल्या बांधानं सुटलंय, सांग बघू.’ मी चुकायचो. तरी उत्तर देत नव्हते, चालवत न्यायचे.

अक्का: आठवतं. मला मात्र नेत नव्हते.

भाऊ: …

अक्का: असू दे. बोल पुढं.

भाऊ: आणखी एक. आई पोराचं अर्धं बोलणंही ओळखते. ‘मम’ म्हटलं की पाणी देते. मला कळत नाही. मी विचारतो, ‘काय हवं? दाखव.’ मग तिला जरा नीट सांगावं लागतं. जीन बर्को ग्लिसन म्हणून भाषेच्या अभ्यासक आहेत, त्यांनी १९७५ साली लिहिलं की बाप पोराला घराबाहेरच्या जगाशी बोलायची सवय लावतो, कारण बाहेरच्यांनाही पोराचं अर्धं बोलणं कळणार नसतं. आपल्याकडे तर ते किती लागू पडतं! घरात मराठी. गेटापलीकडं गेलं की कन्नड, हिंदी, दुकानात तिन्ही. मी दिवसभर या तिन्हींत वावरतो. आमच्या शॉपमध्ये निम्मी माणसं कन्नड बोलणारी. पोरीला घेऊन मी कोपऱ्यावर गेलो की तिच्या कानावर एका गोष्टीची दोन-दोन नावं पडतात, माणसागणिक बोलणं बदलतं हे ती बघते. पुढं शाळेत कन्नडला घाबरणार नाही.

अक्का: हे मात्र मी रोज बघते. मराठी घरातलं पोर अंगणवाडीत येतं आणि पहिला महिनाभर तोंड उघडत नाही. जी बापाबरोबर बाजारात, पेठेत हिंडलेली असतात ती लवकर मिसळतात. त्याचं कारण बाप की बाजार, ते मला सांगता यायचं नाही.

भाऊ: बाजारात नेलं कुणी?

अक्का: बरं, नेलं बापानं. आता माझं ऐक, कारण खरं बोलायचं ते अजून राहिलंय. तू चारला घरी आलास. पोरीला उचललंस, कोपऱ्यावर नेलंस, प्रश्न विचारलेस, वॉशर दोऱ्यात ओवून दाखवलेस. वॉशर तोंडात गेला तर काय, ते तुझ्या ध्यानात नसेल, सांगून ठेवते. सहाला परत आणून सोडलंस. भरवणार कोण? धुणार कोण? झोपवणार कोण? सगळं तिचंच ना? आनंदाचं काम तुझं आणि उरलेलं तिचं. सरकारनं २०२४ला लोकांच्या वेळेची मोजणी केली. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कुणाची ना कुणाची देखभाल करत होत्या, दिवसाला १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, आणि करणारे होते ते ७४ मिनिटं. ही ७४ मिनिटं पण बहुतेक फिरवण्या-खेळवण्याचीच असणार, असं माझा अनुभव सांगतो.

भाऊ: इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठानं २०२३ला सांगितलं, तीन वर्षांच्या मुलाबरोबर बाप वाचतो, चित्रं काढतो, गाणी म्हणतो, तर पाचव्या वर्षी ते शाळेत सरस ठरतं. जवळजवळ पाच हजार घरांचा अभ्यास होता. आईच्या सहभागाचा परिणाम जास्त करून मुलाच्या भावना आणि वागण्यावर दिसला.

अक्का: म्हणजे बुद्धी बापाची आणि आई फक्त रडं थांबवायला?

भाऊ: तसं नाही. मला वाटतं, आया जवळपास सगळ्याच घरांत बोलतात, भरवतात. त्यामुळे या घरात आणि त्या घरात आयांमुळे पडणारा फरक थोडा. बाप काही घरांत असतो, काही घरांत नसतो. मग फरक तिथं उठून दिसतो.

अक्का: हे शहाणपणाचं बोललास. मग पुढचं ऐक. दीड-दोन वर्षांचं पोर शब्द कधी धरतं? आपण फळा दाखवतो तेव्हा नाही. ते ज्या वस्तूकडं आधीच बघत असतं तिचं नाव आपण त्या क्षणी घेतलं की धरतं. आणि पोर सगळ्यात लक्ष देऊन कधी बघतं? अंगावर पाणी पडताना, ताटात भात कालवताना, बटण लागत नसताना. ‘तांब्या कुठं? गरम की गार? आधी हात की पाय?’ तुझे सगळे ‘कुठं’ आणि ‘का’ तिथं फुकट मिळतात. खेळायला वेगळा तास काढायला नको. जे काम बायकांचं म्हणून तुम्ही सोडून दिलंत, शाळा त्याच कामात होती.

भाऊ: हे मी कुठं वाचलं नव्हतं. एक वाचलं होतं. इस्रायलमध्ये एयाल अब्राहम आणि रूथ फेल्डमन यांनी २०१४ला बापांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. बाळाचं सगळं स्वतः करणाऱ्या बापांच्या मेंदूत, भावनेशी जोडलेल्या भागात, आईसारखी हालचाल दिसली. जितका वेळ देखभालीत जातो तितका मेंदू त्याला जुळत जातो, असं ते म्हणतात.

अक्का: बघ. म्हणजे ‘मला जमत नाही’ म्हणायची सोय राहिली नाही. तू ओटी सोड, माझी ना नाही. पण संध्याकाळचं भरवणं आणि झोपवणं तुझं. आईला हाक मारायची नाही. पोरगी रडेल, आठ-पंधरा दिवस ‘आई’ म्हणून दाराकडं बघेल, तेव्हा उठून द्यायची नाही तिच्याकडं. नुसतं खेळवायला लवकर येणार असशील, तर ओटीच कर. त्या पैशात बायकोला धुण्या-भांड्याला बाई तरी लावता येईल.

भाऊ: मान्य. पण मला ओटी सोडता येते, कारण हप्ते संपलेत. माझ्या शेजारच्या मशीनवरचा पोरगा बारा-बारा तास काढतो. त्याचं बाळ चार महिन्यांचं आहे. बाळ झालं त्या दिवसाची सुट्टी घेतली, दुसऱ्या दिवशी हजर. केंद्र सरकारच्या नोकराला १९९७पासून बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा आहे. आईसाठी २०१७पासून कायद्यानं २६ आठवडे. खाजगी शॉपमधल्या बापासाठी कायद्यात एक दिवस नाही. त्याला तू कसली अट घालणार?

अक्का: त्याला नाही घालणार. त्याच्या मालकाला घालायला हवी, पण ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात पालक सभा आहे. आजवर ‘आईला पाठवा’ असाच निरोप जातो, चिठ्ठीवर तसंच लिहिते मी. सभा अकराला, सगळ्या बायका. पुढची साडेचारला ठेवून बघते. त्या मशीनवरच्या पोराला सांग, त्या दिवसापुरती ओटी नको म्हणावं. चार महिन्यांच्या बाळाशी काय बोलायचं असतं, ते मी त्याला करून दाखवते.

भाऊ: तो म्हणेल, चार महिन्यांच्या बाळाला काय कळतंय.

अक्का: म्हणू दे. बाळाला घेऊन ये म्हणावं.